कपाटाचा खालचा कप्पा : घरच्यांसाठी घरच्याच भेटी



आज घरी गेलात की एक काम करा. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडा. त्यात काय निघतं बघा. विरलेली एक सुती साडी, जी नेसवत नाही आणि टाकवतही नाही. ओटीत आलेले पाच-सात ब्लाऊज पीस. ते या घरून त्या घरी फिरतात, शिवत मात्र कुणीच नाही. सासऱ्यांचा कॉलर फाटलेला शर्ट. डब्यात तुटक्या बांगड्या, सुटी बटणं, साडीचे काढून ठेवलेले काठ. घराबाहेर बघाल तर करवंट्या, माडाच्या झावळ्या, तिसऱ्यांच्या शिंपा, आणि नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे कंटेनरमधून निघालेल्या लाकडी पॅलेटच्या फळ्या.

या लेखात आपण यातूनच घरच्या माणसांसाठी भेटवस्तू कशा करायच्या ते पाहणार आहोत. नुसतं 'छान दिसतं' म्हणून नाही. कोणती वस्तू कशी करायची, काय जपायचं, कुठलं सामान हातही लावायचं नाही, आणि ती भेट देताना मान खाली का घालायची नाही, हे सगळं बोलूया.

आधी पैशाचं बोलू

आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा कारण विचारलं जातं. आजारपण, शाळेची फी, घराची दुरुस्ती, धंद्याचं भांडवल, ही कारणं आपण मोकळेपणाने सांगतो. पण एक कारण असं आहे, जे 'घरखर्च' या शब्दाखाली लपतं. ते म्हणजे देणंघेणं. भाच्याचं बारसं, नणंदेच्या मुलीचं लग्न, राखी, भाऊबीज, संक्रांतीचं वाण, डोहाळजेवण. दुसरीने किती दिलं ते बघून आपण देतो, आणि आपण दिलेलं बघून तिसरी देते.

समजा, वर्षभरात अशा सहा भेटी झाल्या आणि एकीला ५०० रुपये धरले. झाले ३,००० रुपये. ते गटातून दरमहा २ टक्के व्याजाने घेतले आणि दर महिन्याला ३०० रुपये मुद्दल फेडत दहा महिन्यांत संपवले, तर पहिल्या महिन्याचं व्याज ६० रुपये, दुसऱ्याचं ५४, असं उतरत जाऊन एकूण व्याज होतं ३३० रुपये. म्हणजे एका भेटीच्या किमतीचा मोठा हिस्सा नुसता व्याजातच गेला. व्याज आपल्याच गटात राहतं हे खरं. पण शो-केसमध्ये धूळ खात पडणाऱ्या वस्तूसाठी ते भरायचं का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.

याचा अर्थ कुणाला काही विकतचं देऊच नका असा नाही. सहातल्या दोन भेटी हाताने केल्या तरी गणित बदलतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. बाईच्या अंगावर आधीच कामं थोडी नाहीत. हा लेख वाचून "आता हे पण करा" असं वाटणार असेल, तर करू नका. दुपारी दोन घटका बसता येत असेल, शेजारीण सोबत असेल, हाताला ते बरं वाटत असेल, तरच करा. जबरदस्तीने शिवलेल्या गोधडीत सुईच जास्त टोचते.

आपल्याकडचं सामान आपल्या गावासारखंच

जासई म्हटलं की लोकांना १९८४ सालचा जानेवारी आठवतो. दि. बा. पाटील आपल्याच गावचे. जमिनीच्या त्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट निघाली. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. भाताची खाचरं आणि मिठागरं होती तिथे आता कंटेनरचे यार्ड आहेत आणि रस्त्याला ट्रेलरची रांग.

त्याबरोबर आपल्या हाताला मिळणारं सामानही बदललं. आपल्या आज्या भाताच्या पेंढ्याची चुंबळ वळायच्या, आता पेंढा शोधावा लागतो. पण पॅलेटचं लाकूड, पॅकिंगच्या पट्ट्या, जाड पुठ्ठा नाक्यानाक्यावर आहे. लुगड्यांच्या जागी साड्या आल्या, साड्यांच्या जागी गाऊन आणि ड्रेस. माड मात्र अजून उभे आहेत आणि खाडीची तिसरी-कालवंही बाजारात येतात. तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही घेऊनच बसू.

पहिली भेट : बाळासाठी गोधडी

गोधडी कुणाला शिकवायला नको, असं म्हणायचे दिवस गेले. तीस वर्षांच्या आतल्या किती जणींना ती येते, हे पुढच्या बैठकीत विचारून बघा. म्हणून सविस्तर सांगते.

सुती साडीच घ्या. नायलॉन, पॉलिस्टरची नको. ती घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. साडी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटीमीटर रुंद अशी साडी असते. तिचे ९० सेंटीमीटरचे सहा तुकडे होतात. बाळाच्या गोधडीला पाच थर पुरेत. आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून जाड झाली तर वाळत नाही आणि सुईही जात नाही. सहावा तुकडा कुंचीला ठेवा.

चांगले दोन तुकडे बाजूला काढा, पदराचा तुकडा त्यात असेल तर तो वरच्या अंगाला घ्या. विरलेले तीन तुकडे आत. आतले तुकडे चारी बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर कमी कापा, म्हणजे वरच्या-खालच्या तुकड्यांच्या कडा आत दुमडता येतात. जमिनीवर एकावर एक पसरा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुती काढा आणि लांब लांब कच्चे टाके घाला. हा भाग घाईने केला तर पुढे गोधडी एका बाजूला ओढली जाते.

मग पक्के टाके. धावदोराच घालायचा, पण सगळ्या थरांतून सुई खाली गेली पाहिजे. आधी चारी कडा शिवून घ्या आणि तशाच आत आत फिरत मध्याकडे या. दोन ओळींत एका बोटाचं अंतर ठेवा. शेवटी कच्चे टाके उसवून टाका. सुरू करताना टाचण्या आणि सुया मोजून ठेवा आणि संपल्यावर पुन्हा मोजा. एक जरी कमी आली तरी ती सापडेपर्यंत गोधडी बाळाजवळ नेऊ नका. मणी, टिकल्या, घुंगरू, बटण यातलं काहीही बाळाच्या गोधडीला लावू नका. बाळ ते तोंडात घालतं. आणि देताना आईला सांगा, गोधडी अंगाखाली किंवा छातीपर्यंत, तोंडावर कधीच नाही.

हे काम फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. बंगालमध्ये जुन्या साड्या आणि धोतरं एकावर एक ठेवून 'कांथा' शिवतात. टाक्यासाठी दोराही पूर्वी साडीच्या काठातूनच उसवून घेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायका घरातले कामाचे फाटके कपडे जोडून गोधड्या शिवत, थंडीत पोरांना पांघरायला. २००२ साली त्याच गोधड्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. पोरं झोपावीत म्हणून शिवलेली वस्तू होती ती. आपल्या पेटीतल्या गोधडीला आपण 'जुनेर' म्हणतो, तेव्हा हे आठवावं.

दुसरी भेट : खिसा असलेली उशी

घरात कुणी माणूस गेलं की त्याच्या कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो. काही कपडे देऊन टाकतो, काही आठवण म्हणून ठेवतो, आणि ठेवलेल्यांना कसर लागते. आजोबांच्या, वडिलांच्या एका शर्टाची उशी होते. ती करायला फार सोपी आहे, कारण शर्टाची बटणपट्टीच उशीच्या खोळीचं तोंड होते. चेन लागत नाही.

शर्ट धुऊन इस्त्री करा. सगळी बटणं लावा. पाठ आणि पोट नीट जुळवून जमिनीवर सपाट ठेवा. खिसा आणि बटणपट्टी दोन्ही आत येतील असा ४२ सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि दोन्ही थर एकदम कापा. आता बटणं सोडा, पाठ आणि पोट उलट्या बाजू बाहेर करून समोरासमोर ठेवा, पुन्हा बटणं लावा आणि चारी बाजूंनी एक सेंटीमीटर सोडून शिवा. बटणं उघडून खोळ सुलट करा. ४० सेंटीमीटरची, म्हणजे १६ इंची उशी तयार. आत भरायला शिवणकामाच्या बारीक कापलेल्या चिंध्या चालतात. उन्हाळ्यात सावरीचा कापूस मिळाला तर फारच हलकी होते.

खिसा तसाच ठेवायचा. त्यात आजी चष्मा ठेवेल, नातू गोळी लपवेल. या भेटीतली गंमत तीच आहे. आणि एक सांगते, अशी उशी करण्याआधी घरातल्यांना विचारा. कुणाला त्या शर्टाला कात्री लावलेली सहन होणार नाही. त्या माणसाचं मन मोडून केलेली भेट भेट नव्हे.

आईच्या साडीचंही तसंच. वर्षश्राद्ध झाल्यावर साड्या बहिणींत वाटतात, आणि एखाद्या साडीवरून मनं दुखावतात. जी साडी सगळ्यांनाच हवी असते तिचे तुकडे करून प्रत्येकीला एक छोटी गोधडी किंवा उशीची खोळ करता येते. वाटणीही होते आणि साडी सगळ्यांच्या घरी जाते.

तिसरी भेट : फिरत्या ब्लाऊज पीसचं वाण

संक्रांतीला हळदीकुंकवात प्लास्टिकचे डबे, गाळण्या वाटून झाल्या. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चपासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, हे आपण सगळ्या जाणतो, आणि भाजीवाल्याकडे तरी रिकाम्या हातानेच जातो. मग वाण म्हणून पिशवीच द्या.

ब्लाऊज पीस ८० सेंटीमीटर बाय एक मीटर असेल तर लांबीत मधोमध कापा. ४० बाय १०० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या होतील. एकेक पट्टी मध्ये दुमडली की ४० रुंद आणि ५० उंच अशी पिशवी होते. दोन्ही बाजू शिवा, तोंडाशी तीन सेंटीमीटर दुमडून टीप मारा. बंद मात्र ब्लाऊज पीसचे करू नका, ते तुटतात. जुन्या साडीचे काठ दुहेरी करून बंद लावा आणि जोडाच्या जागी चौकोन शिवून त्यात फुली मारा. कापड फारच पातळ असेल तर दोन पट्ट्या एकावर एक घेऊन एकच मजबूत पिशवी करा. कांदे-बटाटे भरून दोन किलोची परीक्षा घ्या, मगच वाटा.

पाच जणींनी आपापल्या कपाटातले ब्लाऊज पीस एकत्र आणले तर एका दुपारी गटापुरतं वाण होतं. एकीने कापायचं, दोघींनी मशीनवर, दोघींनी काठ उसवायचे.

चौथी भेट : पोरांसाठी

नातवाला, भाच्याला वाढदिवसाला काय द्यायचं? बाजारातली मोटार दोन दिवसांत मोडते. इथे पुण्याच्या अरविंद गुप्ता यांचं काम सांगायलाच हवं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस. टेल्कोत नोकरीला असताना १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकात, मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं सगळ्यात साधं खेळणं आगकाड्यांचं. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्या. तिचे दोन सेंटीमीटरचे तुकडे कापा. आगकाडीचं गुल खरवडून काढा, ते मोठ्या माणसानेच करायचं. नळीच्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी घाला. झाला सांधा. तीन काड्या, तीन सांधे, झाला त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन. आता पोराला दोन्ही दाबायला सांगा. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. मग त्याला पत्र्याच्या शेडखालची कैची दाखवा. ती त्रिकोणांचीच का असते ते त्याचं त्यालाच कळेल.

आणि आपली जुनी खेळणी विसरू नका. पपईच्या पोकळ देठाची पिपाणी. माडाच्या पातीचं घड्याळ, चष्मा, भिरभिरं, साप. ही एका दिवसात सुकतात, म्हणून ती 'देण्याची' वस्तू नाही, सोबत बसून 'करण्याची' आहे. सुट्टीत आलेल्या मुंबईच्या भाचरांना ती करून दाखवा. मोबाईल बाजूला राहतो, निदान तासभर तरी.

पाचवी भेट : करवंटी आणि शिंपा

करवंटीचा डाव आपल्या घरात आजीच्या हाती होता. नारळ फोडताना तो बरोबर मधोमध फुटला तर ती करवंटी जपून ठेवा. बाहेरचा काथ्या सुरीने खरवडा. मग पॉलिश पेपर, आधी जाड ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. नाकाला रुमाल बांधा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. पेपर ओला करून घासलात तर धूळ कमी उडते, त्यासाठी पाण्याचा पॉलिश पेपर मागा. शेवटी खोबरेल तेलाचा हात द्या. काळी, चकचकीत वाटी होते. खाण्यासाठी वापरायची असेल तर वॉर्निश किंवा रंग लावू नका, तेलच पुरे. करंड्यासाठी, दिव्यासाठी, दागिने ठेवायला केली असेल तर बाहेरून रंगवा.

शिंपांचं काम लग्नाच्या रुखवतात नेहमी होतं. मोर, तुळशीवृंदावन, गणपती. समुद्रावर जाऊन वेचत बसायला नको. जेवणातल्या तिसऱ्या, कालवं, खुबे यांच्या शिंपा ठेवा. पाच-दहा मिनिटं उकळा, जुन्या ब्रशने आतलं घासून काढा, थोड्या साबणाच्या पाण्यात भिजवा आणि दोन-तीन दिवस उन्हात टाका. अर्धवट साफ केलेली शिंप भिंतीवर गेली की आठवड्याने घरभर वास. पांढऱ्या करायच्या नादात ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद मोरीत तर जिवावर बेततं. चिकटवायला साधा फेविकॉल ओल लागली की सुटतो, म्हणून एम-सील किंवा अरल्डाइट वापरा. किनाऱ्यावर जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलू नका. काही शंख आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरात ठेवणंही गुन्हा ठरू शकतो.

पॅलेटचं लाकूड घेताना

हा भाग नीट वाचा, कारण तो आपल्या भागाचाच आहे.

पॅलेटच्या फळीची चाव्या अडकवायची फळी, देवघराचा कोनाडा, फोटोची चौकट, कुंड्यांचा स्टँड छान होतो. भावाला नवीन घराची भेट म्हणून शोभते. पण हे लाकूड परदेशी ये-जा करतं, म्हणून त्यातले किडे मारायला त्यावर प्रक्रिया केलेली असते. कोणती प्रक्रिया केली, ते त्याच्यावरच्या छापात लिहिलेलं असतं. गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि शेवटी इंग्रजीत दोन अक्षरं. 'एच' आणि 'टी' असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, ते घ्या. 'एम' आणि 'बी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका आणि चुलीतही घालू नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर पोरांना दाखवा. छापच नसेल तर सोडून द्या.

'एच टी' असलं तरी तेलाचे, रंगाचे डाग किंवा उग्र वास असेल तर नको. त्यावर काय सांडलं ते आपल्याला माहीत नाही. जेवणाची, बाळाच्या खेळण्याची वस्तू पॅलेटची करायचीच नाही. खतं, कीटकनाशकं, केमिकल यांच्या गोण्या आणि ड्रम कितीही मजबूत दिसले तरी पिशवी, पायपुसणं, पाण्याचं पिंप यातल्या कशालाही वापरू नका. धुतल्याने ते जात नाही.

आणि लाकूड यार्डातून उचलून आणू नका. ट्रेलरच्या रस्त्यावर वाकून काही वेचूही नका, पोरांना तर अजिबात पाठवू नका. भंगारवाल्याकडून चार पैसे देऊन घ्या. फळीपेक्षा जीव मोठा आणि अब्रूही मोठी.

"लोक काय म्हणतील?"

हे सगळं वाचून झाल्यावर मनात येतं ते हेच. आपल्यातली एखादी म्हणेल, "मना नाय जमाचा." दुसरी म्हणेल, "जमेल गं, पण देताना लाज वाटते. सगळ्यांनी पाकिटं दिली आणि मी गोधडी?"

ही लाज खोटी नाही. आहेर मोजला जातो, वहीत लिहिला जातो. हाताने केलेली वस्तू म्हणजे पैसे नव्हते म्हणून केलेली, असं मानणारे लोक आहेत. म्हणून तीन गोष्टी सांगते.

एक, काम सफाईदार करा. लोंबणारे दोरे, वाकडी टीप, फेविकॉलचे डाग असतील तर ती वस्तू खरंच गरीब दिसते. पहिली वस्तू स्वतःच्या घरी ठेवा, दुसरी द्या.

दोन, माणूस बघून वस्तू करा. ज्या वहिनीला घरात पसारा आवडत नाही तिला शिंपांचा मोर देऊ नका, पिशवी द्या. ज्या मामाला सकाळी चाव्या सापडत नाहीत त्याला चाव्यांची फळी द्या. पाच बाय पाचच्या खोलीत राहणाऱ्या भाचीला मोठी वस्तू देऊन तिची अडचण वाढवू नका.

तीन, देताना ती कशाची आहे ते तोंडाने सांगा. "ही आयेच्या हिरव्या साडीची आहे, जी ती तुझ्या बारशाला नेसली होती." एवढं वाक्य बोललात की बाकीचं बोलावं लागत नाही. आणि जिथे पाकीटच द्यावं लागतं, तिथे जमेल तेवढं पाकीट द्या, सोबत बटवा द्या. भांडण करून रीत मोडायची नाही, हळूहळू वळवायची.

विकायचं असेल तर

"मग हे विकूया ना!" असं बैठकीत कुणीतरी म्हणणारच. विका, पण ते वेगळं गणित आहे. घरी करताना आपण वेळ धरत नाही. विकताना सामान, दोरा, वीज, गाडीभाडं आणि आपले तास, सगळं वहीत मांडायला लागतं. एका गोधडीला किती दिवस गेले आणि त्या दिवसांची मजुरी किती झाली, हे आधी लिहा, मग किंमत सांगा. 'हातचं काम' म्हणून स्वस्तात देऊ नका. त्यावर एखाद्या अंकात स्वतंत्र बोलू.

पुढच्या बैठकीत

पुढच्या मासिक बैठकीला वसुली आणि हजेरी झाली की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीने खालच्या कप्प्यातली एकच वस्तू सोबत आणायची आणि ती कुणासाठी, कशी वापरता येईल ते सांगायचं. ज्यांना गोधडी, चुंबळ, झावळीचं काम येतं त्या आपल्या गटातल्या वयस्कर काकू-आज्यांना मुद्दाम बोलवा. कर्जाच्या विषयात त्या गप्प बसतात, पण सुई हातात दिली की बोलू लागतात. त्यांच्याकडून शिकून घ्या आणि कसं केलं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पण त्यांना विचारून.

संक्रांत आहे, लगीनसराई आहे, कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळ येणारच आहे. कात्री, सुई, दोरा आणि एक दुपार काढून ठेवा. तुम्ही काय केलं ते प्रभाग संघाच्या ताईंकडे लिहून किंवा सांगून द्या. पुढच्या अंकात तुमचीच कृती छापू.